उतारवयात बुद्धीची जपणूक



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. साठी उलटली की बुद्धीने पाठ फिरवायचीच, असा तिचा अर्थ. आणि तो इतका सर्वमान्य झाला आहे की घरातील वडील माणूस एकच प्रश्न दहा वेळा विचारू लागले, पेटीची किल्ली वारंवार हरवू लागले, अथवा जन्मभर तुडवलेल्या वाटेवर गोंधळून उभे राहू लागले, तरी ‘म्हातारचळ लागला’ एवढे म्हणून घरचे लोक मोकळे होतात. या समजुतीत दोन चुका आहेत. पहिली ही की, वय झाले म्हणजे बुद्धी जाते हे खरे नाही. बहुसंख्य वृद्धांची विचारशक्ती अखेरपर्यंत शाबूत राहते. दुसरी ही की, जेथे ती खरोखर ढासळते तेथे तो वयाचा धर्म नसून आजार असतो. आणि आजार म्हटला की त्याला कारणे आली, व त्या कारणांपैकी काही तरी माणसाच्या हातातली असणार. ती कोणती, याचा विचार करणे हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा विषय देवळाच्या सभामंडपात कशासाठी, अशी शंका कोणास येईल. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील साठी ओलांडलेल्या लोकांचे प्रमाण ११.२ टक्के होते. भारतातील राज्यांत केवळ केरळचे, म्हणजे १२.६ टक्के, त्याहून अधिक होते. महाजन कुटुंबांतील तरुण पिढी मुंबई, पुणे, बंगळूर, आखाती देश आणि युरोप येथे पांगली आहे, आणि चौकाच्या मोठ्या घरांतून वृद्ध दांपत्ये, कित्येकदा एकेकटी माणसे, उरली आहेत. कुळाचार काय, कोणत्या उत्सवात कोणत्या घराण्याची सेवा, कोणत्या अभंगाची जुनी चाल कोणती, कुळागराची सीमा कोठून कोठे, हे सारे या मंडळींच्या स्मरणात आहे. त्यातले थोडेच कागदावर उतरले आहे. अशा एका व्यक्तीची स्मृती गेली म्हणजे केवळ एक माणूस आजारी पडत नाही, तर एका घराचे दप्तरच नाहीसे होते.

आजाराचे स्वरूप

स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, हे एका रोगाचे नाव नसून अनेक रोगांतून उद्भवणाऱ्या अवस्थेचे नाव आहे. स्मरण, भाषा, हिशेब, दिशाज्ञान व निर्णयशक्ती यांचा ऱ्हास होऊन नित्याचे व्यवहार स्वतंत्रपणे चालवणे अशक्य होते, तेव्हा त्या अवस्थेला हे नाव देतात. त्यातील सर्वांत मोठा रोग अल्झायमरचा. १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्याकडे ५१ वर्षांची एक स्त्री उपचारास आली होती; तिची स्मृती वेगाने नष्ट होत होती. १९०६ साली तिचे निधन झाल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. मज्जापेशींच्या बाहेर साचलेल्या गाठी आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू त्यांना दिसले, व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांनी ही माहिती वैद्यकतज्ज्ञांपुढे मांडली. पुढे १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले.

दुसरे मोठे कारण रक्तवाहिन्यांचे आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु विश्रांतीच्या स्थितीतही शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खर्च करतो. ही ऊर्जा रक्तावाटे येते. वाढलेला रक्तदाब व मधुमेह यांनी मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या कठीण व अरुंद झाल्या की त्यांच्यावर अवलंबून असलेला भाग उपाशी पडतो. पाटाच्या शेवटी असलेल्या माडाला पाणी पोहोचेनासे व्हावे, तसे हे घडते. अनेक वृद्धांत हे दोन्ही रोग एकत्र नांदत असतात.

भारतात ज्येष्ठ नागरिकांची जी देशव्यापी पाहणी झाली, तिच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठ व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त होती. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. अल्झायमरच्या रोगाची सुरुवात लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी मेंदूत झालेली असते. म्हणून या विषयाचा संबंध केवळ आजोबा-आजींशी नाही. त्यांना देवदर्शनास घेऊन आलेल्या चाळिशी-पन्नाशीतील मुलांशी व सुनांशी तो अधिक आहे.

प्रतिबंधाचा पुरावा

जीवनपद्धतीत बदल केल्याने बुद्धीचा ऱ्हास रोखता येतो काय, याची कसोशीने परीक्षा फिनलंडमध्ये झाली. डॉ. मिया किविपेल्टो यांच्या नेतृत्वाखाली ६० ते ७७ वर्षे वयाच्या, अधिक धोका असलेल्या १,२६० व्यक्ती निवडण्यात आल्या. निम्म्यांना आरोग्याचा सर्वसाधारण सल्ला दिला. उरलेल्यांना दोन वर्षे योग्य आहार, नियमित व्यायाम, बुद्धीला चालना देणारा सराव आणि रक्तदाबादी दोषांवर सतत देखरेख, असा चौपदरी कार्यक्रम दिला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटाची बौद्धिक चाचण्यांतील एकूण सुधारणा पहिल्या गटापेक्षा २५ टक्के अधिक होती. याच धर्तीवर अमेरिकेत २,१११ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तेथे दोन्ही गटांत सुधारणा झाली. परंतु ठरावीक वेळापत्रक, नियमित बैठका आणि कोणी तरी विचारपूस करणारे, अशी व्यवस्था ज्यांना लाभली त्यांची सुधारणा अधिक होती. स्वतःच्या मनाने ‘उद्यापासून चालेन’ म्हणणारा आणि चौघांबरोबर वेळेवर निघणारा यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने या विषयाचा तीन वेळा आढावा घेतला. २०१७ साली टाळता येण्याजोगी ९ कारणे त्याने नोंदवली, २०२० मध्ये ती १२ झाली, आणि २०२४ च्या अहवालात १४. अल्पशिक्षण, बहिरेपणा, रक्तातील घातक कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला झालेली इजा, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अतिमद्यपान, एकलकोंडे जीवन, दूषित हवा आणि उपचार न केलेले दृष्टिदोष, ही ती चौदा कारणे होत. ही सर्व दूर करता आली तर जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील अथवा त्यांचा आजार लांबेल, असा आयोगाचा अंदाज आहे. हा हिशेब समाजाचा आहे, एकेका व्यक्तीचा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे.

नित्याचे आचरण

या चौदांपैकी घरोघरी लक्ष घालता येईल अशा गोष्टींचा क्रमाने विचार करू.

पहिला रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच तो दुर्लक्षित राहतो. अमेरिकेत ९,३६१ व्यक्तींवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, वरचा रक्तदाब १४० च्या आत ठेवलेल्या गटापेक्षा तो १२० च्या आत ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. कोणाचा दाब किती असावा हे डॉक्टरांनीच ठरवावे. अतिवृद्धाला दाब फार उतरल्याने भोवळ येऊन पडण्याचे भय असते. परंतु ‘बरे वाटते’ म्हणून गोळी परस्पर बंद करणे ही आपल्याकडील नित्याची सवय मेंदूला महाग पडते. मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांनाही हेच लागू आहे.

दुसरा व्यायाम. आठवड्यास १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, किंचित धाप लागेल पण बोलता येईल अशा गतीने चालणे पुरेसे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२० वृद्धांवरील एका छोट्या अमेरिकन प्रयोगात, आठवड्यातून तीन दिवस वर्षभर चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचे ते घटले. पूर्वीच्या पिढीला व्यायाम वेगळा करावा लागत नसे. विहिरीचे पाणी शेंदणे, बाजाराला चालत जाणे, उत्सवात पालखीबरोबर फिरणे हाच तिचा व्यायाम होता. आता मोटार देवळाच्या दारापर्यंत येते. ती बाहेरच्या रस्त्यावर थांबवून उरलेली वाट पायी चालण्याने कोणाचे काही बिघडणार नाही.

तिसरा आहार. भूमध्य सागराच्या परिसरातील ज्या आहाराची वाखाणणी तज्ज्ञ करतात, त्यात भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासळी व सुकी फळे यांचे प्राधान्य असते. साखर, तळण आणि मांस बेताचे. गोमंतकीय जुने पान त्याहून फार दूर नाही. उकड्या तांदळाची पेज, नाचणी, अळसांदे, तांबडी भाजी, आणि मासळी खाणाऱ्यांच्या घरी बांगडा किंवा तारली यांनी तेच काम साधते. बिघाड झाला तो पांढऱ्या पावाच्या, गोडाधोडाच्या आणि तळणाच्या रोजच्या वाढीने, व खारे, लोणची, पापड यांतील मिठाने. पूर्ण शाकाहारी मंडळींनी बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणी अवश्य करून घ्यावी. त्याच्या कमतरतेने विस्मरण होते आणि ती भरून काढणे सोपे असते. तंबाखू कोणत्याही रूपात, विड्यातूनही, वर्ज्य मानावी. मद्याविषयी गोव्यात बोलणे अवघड असले तरी खरे बोलावे लागेल: रोजचे अतिमद्यपान मेंदूला थेट इजा करते, आणि त्यातून होणारी पडझड डोक्याला दुखापत करते.

चौथी गोष्ट कानांची. चष्मा लावण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. श्रवणयंत्र लावण्यात मात्र वाटतो. ऐकू न येणारे माणूस प्रथम चूक उत्तरे देते, मग हसे होऊ नये म्हणून बोलणे टाळते, आणि शेवटी भजनाला बसणेच सोडून देते. मेंदूला ध्वनी मिळत नाही आणि माणसाला सोबत मिळत नाही, असे दुहेरी नुकसान होते. ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ व्यक्तींवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रवणोपचाराने सर्वांचा मिळून विचार करता तीन वर्षांत विशेष फरक पडला नाही. परंतु ज्यांना ऱ्हासाचा धोका मुळात जास्त होता त्यांच्यात ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी मंदावला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवणाऱ्यांनीही हाच धडा घ्यावा.

पाचवी गोष्ट मनाची. जोडीदाराचे निधन, मुलांचा दूरदेशी वास, आणि दिवसभर कोणाशी शब्द नाही, अशा स्थितीत नैराश्य केव्हा घर करते ते कळत नाही. यावर गोव्यातच एक मोलाचे काम झाले आहे. डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यातील आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या, सौम्य लक्षणे असलेल्या १८१ वृद्धांवर प्रयोग केला व २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी अडचणी सोडवण्याची रीत शिकवणे, झोपेची शिस्त लावणे व आजारांकडे लक्ष देणे एवढेच केले. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांपैकी वर्षभरात शंभरात सुमारे १४ जणांना नैराश्याचा पुरता आजार जडला. समुपदेशन लाभलेल्यांत सुमारे ४ जणांना. विचारपूस हेही औषध ठरते, याचा हा घरचा दाखला आहे.

बुद्धीची गंगाजळी

प्रत्येक देवस्थान अडीअडचणीसाठी गंगाजळी राखून ठेवते. मेंदूचेही तसेच आहे. शिक्षण, वाचन, नवे कौशल्य आणि लोकांतील वावर यांनी मज्जापेशींचे परस्परसंबंध दाट होतात. मग काही पेशी नष्ट झाल्या तरी काम अडत नाही. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या, ६७८ जोगिणींच्या अभ्यासात याचे नवल करावे असे उदाहरण मिळाले. १०१ व्या वर्षी निधन पावलेल्या एका जोगिणीच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा विपुल सापडल्या. तथापि मृत्यूपूर्वी घेतलेल्या चाचण्यांत तिची बुद्धी उत्तम ठरली होती. रोग होता, परंतु शिल्लकही मोठी होती.

या गंगाजळीत भाषांचाही वाटा असावा. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवले की, एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला. आणि हा फरक निरक्षरांतही दिसला, म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम नव्हता. घरी कोंकणी, भजनात आणि वाचनात मराठी, १९६१ पूर्वीच्या शाळेत पोर्तुगीज आणि नंतर कचेरीत इंग्रजी, अशी ज्या गोमंतकीय वृद्धांची वाटचाल झाली, त्यांनी ही शिल्लक नकळत साठवली आहे. ती वापरात ठेवणे एवढेच बाकी आहे. तेच शब्दकोडे रोज सोडवण्यापेक्षा न येणारे काही शिकणे अधिक फलदायी. सत्तरीत हार्मोनियमला हात घालणाऱ्याला हसू नये.

सावधगिरीचे चार शब्द

स्मृती वाढवणाऱ्या गोळ्या व अर्क यांच्या जाहिराती पुष्कळ असतात. गिंको नावाच्या वनस्पतीची ३,०६९ वृद्धांवर वर्षानुवर्षे परीक्षा झाली. २००८ मध्ये निष्कर्ष आला की स्मृतिभ्रंश टाळण्यास ती निरुपयोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या मार्गदर्शिकेत या हेतूने जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेऊ नयेत असे सांगितले. कमतरता असेल तर ती भरावी. नसेल तर पैसा वाचवावा.

विस्मरण दिसताच ते असाध्यच आहे असेही समजू नये. थायरॉइडची मंदगती, बी-१२ ची उणीव, नैराश्य, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या, आणि पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त, या कारणांनी आलेले विस्मरण उपचाराने सुधारू शकते. नाव क्षणभर न आठवणे साधे. परंतु पैशांचे व्यवहार न जमणे, ओळखीची वाट चुकणे, स्वभाव पालटणे, ही लक्षणे डॉक्टरांना दाखवण्याची आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, यातील कोणताही नियम हमी देत नाही. आयुष्यभर निर्व्यसनी, नेमस्त व अभ्यासू राहिलेल्या माणसालाही हा रोग गाठतो, कारण वय आणि आनुवंशिकता कोणाच्या हाती नाही. म्हणून ज्याला तो झाला त्याने पथ्य पाळले नाही, असा दोष त्याला वा त्याच्या घरच्यांना देणे हा अन्याय आहे. प्रयत्न धोका कमी करण्यासाठी असतो, निवाडा देण्यासाठी नव्हे.

ज्या घरी हा आजार आला आहे, तेथे त्याचा भार बहुधा पत्नीवर, मुलीवर किंवा सुनेवर पडतो. घराण्याच्या नावासाठी आजार लपवला जातो आणि ती एकटी पडते. गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन माहिती व आधार दिल्याने काळजी घेणाऱ्यांच्या मनावरील ताण कमी झाल्याचे सिद्ध झाले. रुग्ण बरा झाला नाही. पण त्याला सांभाळणारे माणूस सावरले. ही गोष्टही लहान नव्हे.

देवस्थानाचा वाटा

बुद्धीला जे हवे, त्यातील पुष्कळसे देवळाच्या आवारात पूर्वीपासून आहे. चालण्यासाठी प्रदक्षिणेची वाट आहे, पाठांतरासाठी स्तोत्रे व अभंग आहेत, ताल धरण्यासाठी टाळ व घुमट आहे, आणि बोलण्यासाठी माणसे आहेत. उणीव आहे ती योजनेची. महाजनांनी मनावर घेतले तर आठवड्यातून एक दिवस अग्रशाळेत रक्तदाब व साखर तपासण्याची सोय होऊ शकते. वर्षातून एकदा कान व डोळे तपासता येतात. सकाळी ठरल्या वेळी एकत्र चालणारा गट सुरू होऊ शकतो. सभामंडपाच्या पायऱ्यांना कठडा बसवता येतो, म्हणजे पडणे टळेल. एकट्या राहणाऱ्या महाजनांची यादी करून त्यांच्या घरी आठवड्यास एक फेरी मारणे, याला तर खर्चही नाही. आणि तरुणांनी वही घेऊन वडीलधाऱ्यांपुढे बसावे. कुळाचार, उत्सवांच्या रीती, जुन्या चाली उतरवून घ्याव्यात. सांगणाऱ्याच्या बुद्धीला त्याने व्यायाम घडेल, आणि ऐकणाऱ्याच्या हाती घराचे दप्तर येईल.

ज्यांनी ही देवळे, हे उत्सव आणि ही घरे सांभाळून पुढील पिढीच्या स्वाधीन केली, त्यांची बुद्धी सांभाळण्यास साह्य करणे हे त्या पिढीचे कर्तव्य ठरते. त्यासाठी साठीची वाट पाहू नये. चाळिशीत आरंभ करावा, आणि सत्तरीत असणाऱ्यांनीही उशीर झाला असे मानू नये. आरंभ रक्तदाब मोजण्यापासून, उद्याच्या चालण्यापासून, किंवा शेजारच्या एकट्या वृद्धाची विचारपूस करण्यापासून होऊ शकतो. तेवढा झाला तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.